तिसरा ट्रॉम्बोन

"पुढच्या गुरुवारी तुम्ही उभं राहायचं, काका. एकट्यानं वाजवायचं," बँडमास्तर म्हणाले.

तालीम नुकतीच संपली होती. दर गुरुवारी एका हॉटेलात वाजवणारा सतरा जणांचा जॅझ बँड आपापली वाद्यं पेट्यांत भरत होता. बँडमास्तर सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण आज त्यांना राहवलं नाही. इतकी वर्षं बँडमधला तिसरा ट्रॉम्बोन, म्हणजे काकांचा, कुठे ना कुठे खटकायचा, अलीकडे मात्र तो इतरांत असा मिसळतो की वेगळा ऐकूच येत नाही, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. काकांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

खरी गोष्ट अशी होती, की कवळी बसवल्यापासून काकांनी एक सूरही वाजवला नव्हता. जोरात फुंकलं की कवळी हलायची, हवा बाजूनं निसटायची आणि ट्रॉम्बोनमधून नुसतं फुस्स यायचं. सवय होईपर्यंत म्हणून ते गाल फुगवून, ट्रॉम्बोनची नळी शेजाऱ्याच्या बरोबरीनं पुढे-मागे करत बसू लागले. सवय झाली, पण ती न वाजवण्याची. शेजाऱ्याला तरी हे कळायला हवं होतं. पण मागच्या ट्रम्पेटवाल्यांनी त्याचे कान केव्हाच निकामी केले होते.

सांगून टाकावं, तर बँडमधली खुर्ची जाणार. निवृत्तीनंतर काकांच्या आठवड्यात गुरुवार हा एकच वार उरला होता. बाकीचे नुसते येत आणि जात. त्यात काकूंनी उत्साहाच्या भरात व्याही आणि विहीणबाईंना आमंत्रण देऊन टाकलं. काका बाथरूमचं दार लावून ट्रॉम्बोन फुंकत घाम गाळत राहिले. नळाला पाणी आलं नाही का, अशी शेजाऱ्यांनी चौकशी केली.

गुरुवारी संध्याकाळी हॉटेल भरलेलं होतं. वेटर गिऱ्हाइकांच्या तोंडाशी कान नेऊन ऑर्डरी घेत होते. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर बँडमास्तरांनी हात खाली केला. ड्रमवाला हलका ताल धरून राहिला, बाकी सगळे थांबले. काका उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी जीव खाऊन फुंकलं.

फुस्स.

त्यांनी पुन्हा फुंकलं. खाली बसायचंही धाडस होईना, म्हणून नळी पुढे-मागे करत राहिले. डोळे किलकिले करून पाहिलं, तर व्याही काकूंकडे झुकून काहीतरी बोलत होते आणि काकू हसत होत्या. पलीकडच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली. मग सगळ्याच टेबलांवर. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं काकांना झालं. शेवटी बँडमास्तरांनी हात वर केला, बँड पुन्हा गरजला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांना त्या थोबाडीत बसल्यासारख्या वाटल्या.

मध्यंतरात त्यांनी बँडमास्तरांना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं आणि कवळीपासून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी ज्याचं कौतुक केलं, ते..."

"ते काहीच नव्हतं, मास्तर."

बँडमास्तरांचा चेहरा पडला. काकांचं काय व्हायचं ते होवो, पण चारचौघांत आपल्या कानांची गेलेली अब्रू त्यांना जास्त लागली. पुढच्या गुरुवारपासून यायचं नाही, असं त्यांनी थंडपणे सांगितलं. काकांचे डोळे भरून आले. ते वाद्याची पेटी आणायला वळले.

तेवढ्यात हॉटेलचे मालक लगबगीनं आले आणि त्यांनी काकांचे दोन्ही हात घट्ट धरले. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा गुरुवारची गिऱ्हाइकं रमली, एकमेकांशी बोलत बसली आणि पुन्हा खायला मागवू लागली, हे सांगताना त्यांना शब्द अपुरे पडत होते.

"काका, माझं एवढं एक काम करा," ते म्हणाले, "बाकीच्यांनाही असंच वाजवायला शिकवा."