आत विचारून येते

"मोजापण काढा," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी मोजा काढला. इतकी वर्षं एका छपराखाली काम केलं, पण त्यांचा उघडा पाय सिस्टर आज पहिल्यांदा पाहत होत्या. नडगीवर गुलाबाच्या काट्याचा ओरखडा होता आणि त्याच्याभोवती तळहाताएवढी लाली पसरली होती. निवृत्त झाल्यापासून डॉक्टरांनी बागकामाचं मनावर घेतलं होतं. बागेने मात्र अजून त्यांना मनावर घेतलेलं दिसत नव्हतं.

"बाहेरचा बाक फारच टणक आहे हो," डॉक्टर कुरकुरले. "मला कधी कुणी बोललं नाही."

"सगळे बोलायचे. तुम्ही आत असायचात."

खरंच होतं ते. दवाखान्याच्या खोल्या दोनच. बाहेरची सिस्टरांची, आतली डॉक्टरांची, मधे हिरवं दार. आलेला माणूस आधी सिस्टरांच्या हाती लागायचा. त्या तपासायच्या, दाबून बघायच्या, खोदून खोदून विचारायच्या, वेळ पडली तर झापायच्याही. पण औषधाची गोष्ट निघाली की त्यांचं वाक्य ठरलेलं, "थांबा हं, आत विचारून येते." औषध लिहून द्यायचं ते डॉक्टरांनीच, असा कायदा होता, आणि कायद्याच्या बाबतीत सिस्टर कडक होत्या. दार लागायचं. जरा वेळाने त्या चिठ्ठी घेऊन बाहेर यायच्या. बाकावरचा माणूस उठत विचारायचा, "काय म्हणाले डॉक्टर?" आणि डॉक्टर काय म्हणाले ते सिस्टर समजावून सांगायच्या. वस्तीत त्यांचं नाव 'विचारूनबाई' पडलं होतं. ते त्यांच्या कानावर होतं. आधी राग यायचा, पुढेपुढे हसू यायला लागलं.

काय दिवस होते ते! सुया उकळायच्या भांड्याची वाफ खिडकीच्या काचेवर धरायची आणि डॉक्टर त्या काचेवर बोटाने मांजर काढायचे. इंजेक्शनला आलेली पोरं मांजराकडे बघत राहायची आणि तेवढ्यात सिस्टर आपलं काम उरकून घ्यायच्या. ते भांडं कधीच गेलं. खिडकी आहे, पण तिच्यावर मांजर काढणारं कुणी नाही.

डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी कायमचं आलं नाही. एक तरुण डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन जायचे. मग नियम बदलला. वेगळं शिक्षण घेऊन परीक्षा पास झालेल्या सिस्टरना काही ठरावीक औषधं स्वतःच्या सहीने लिहून देता येणार होती. सिस्टरांनी या वयात पुस्तकं उघडली. चष्म्याचा नंबर वाढला, पण पास झाल्या. त्यांच्या नावाचं चिठ्ठ्यांचं पॅड छापून आलं.

आलं ते तसंच कागदात गुंडाळलेलं ड्रॉवरमध्ये पडून होतं. परीक्षेत लिहिणं वेगळं आणि समोरच्या माणसाला लिहून देणं वेगळं. पाठीशी ते दार होतं, दारामागे माणूस होता, म्हणून तर आजवर भीती वाटली नव्हती. सिस्टर आलेल्यांना सांगत, "डॉक्टर येतील त्या दिवशी या." काल एक आई कान ठणकणाऱ्या लेकीला घेऊन आली होती. तिलाही त्यांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बसमध्ये चढतानाही ती पोर रडत होती. तेव्हाच सिस्टरांनी ठरवलं की पॅड परत करायचं. मग दवाखाना आठवड्यातून एकदाच उघडला असता. पण भित्र्या माणसाने जागा अडवून बसण्यापेक्षा ते बरं, असं त्यांना वाटलं होतं.

"ताप?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही."

"पेनिसिलिन चालतं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत असलं तरी विचारायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"नाही चालत. अंगभर पुरळ उठतं."

सिस्टरांनी पेन घेतलं आणि लालीच्या कडेने नडगीवर रेघ ओढली. "लाली या रेघेबाहेर गेली की तडक मोठा दवाखाना. बागबिग नाही."

"आणि तोवर?"

सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"औषध तर लागणार," डॉक्टर म्हणाले. "मला विचाराल, तर मी माझी डॉक्टरकीची नोंदणी सोडली. कायद्याने आता मी नुसता एक म्हातारा माळी आहे. आज इथे लिहून देणारं कोण आहे ते तुम्ही बघा."

सिस्टर उठल्या. तोंडातून निघून गेलं, "थांबा हं, आत विचारून येते."

डॉक्टर हसले नाहीत. "या," ते म्हणाले. "मी बसतो."

आतल्या खोलीत खुर्चीवर चादर टाकलेली होती. सिस्टरांनी सवयीने दार लावून घेतलं. टेबलाच्या ज्या कोपऱ्याशी त्या नेहमी उभ्या राहत, तिथेच उभ्या राहिल्या. वेड्यासारखं वाटत होतं, तरी हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. काट्याचा ओरखडा, लाली, ताप नाही, पेनिसिलिन चालत नाही. मग नेहमीसारख्या थांबल्या.

इतक्या वर्षांत या खोलीत त्यांनी एकच वाक्य ऐकलं होतं. ते आताही ऐकू आलं, इतकं स्वच्छ की त्यांचे डोळे भरून आले. त्या माणसाची किती आठवण येत होती हे तो बाहेर बाकावर बसलेला असताना त्यांना कळलं.

त्या बाहेर आल्या. ड्रॉवर ओढला, पॅडवर गुंडाळलेला कागद फाडला.

डॉक्टर बाकावरून उठले. एका हातात मोजा धरून, अगदी पेशंटच्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

"दुसरं काय म्हणणार? रोज म्हणायचे तेच म्हणाले. 'तुम्हाला काय वाटतं, सिस्टर?'"