पंचावन्न इंची पडदा

लॅपटॉपची स्क्रीन फुटल्यापासून वृषाली हॉलमधल्या पंचावन्न इंची टीव्हीवरच ऑफिसचं काम करायची. शाळेतून निवृत्त झालेल्या सासूबाई दिवाणावर गवार मोडत पडद्यावरचं वाचत बसायच्या. "अक्षर मोठं आहे, चष्माही लागत नाही गं."

आज सवयीने तिने मेल टीव्हीवरच उघडला. बंगळुरूच्या नोकरीसाठी तिची निवड झाली होती. मुलाखतीचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. सुनेने गाव सोडायचं नाही, हे सासऱ्यांनी लग्नाच्या बैठकीतच बजावलं होतं. आणि तेच आता पूजा आटोपून हॉलमध्ये येत होते. तिला माउस सापडेना.

सासूबाईंनी रिमोट उचलला. टीव्हीवर बातम्या लागल्या.

"हवामान बघते जरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मग शेंगेची शीर ओढत, सुनेकडे न बघताच हळूच विचारलं, "बंगळुरूला थंडी असते का गं?"