सुनंदाबाईंचा हात

विनायकरावांनी पंखा बंद केला, काट्याच्या काचपेटीचं दार सरकवलं आणि म्हणाले, “ठेवा वहिनी. पण लवकर. गिऱ्हाईक आलं तं काय सांगू, नवीन घडणीची साखळी तोलून राहिलो म्हणून?”

सुनंदाबाई हसल्या नाहीत. एरवी थट्टेत त्या कोणाला हार जात नसत. त्यांनी लाल मखमली थैली काट्यावर ठेवली. थैली जराशी हलली. आत धामणीचं पिल्लू होतं. अठरा दिवसांचं, पेन्सिलीहून बारीक. अंड्यातून निघाल्यापासून त्यानं तोंडात काही घेतलं नव्हतं.

आकडे वरखाली होऊ लागले. काट्यासमोर श्वास धरून उभ्या राहणाऱ्या बाया विनायकरावांनी सौंसरच्या सराफ्यात जन्मभर पाहिल्या होत्या. त्यांचा संशय काट्यावर असायचा. या बाईंचा स्वतःवर होता.

“थैलीचं वजा करून पाच ग्राम दोनशे.”

“काल पाच तीनशे होतं.”

“काल होतं,” विनायकराव म्हणाले.

काउंटरला टेकून उभा असलेला सुमेध आता पुढे आला. घराघरांतून साप धरून जंगलात सोडणं हे त्याचं काम. बाईंनी चार दिवस फोन करून करून त्याला आज इथं गाठलं होतं.

“रोज आणता का काकू इथं?”

“रोज. मोहगावहून. सकाळच्या गाडीनं.”

“अन् घरी?”

“घरी घंट्या-घंट्याला झाकण उघडून पाहून राहिली ना, जिवंत हाये का नाही. बेडकी देल्ली, पालीचं पिल्लू देल्लं, काडीनं बलक लावून पाहिला. तोंडच उघडत नाही बाप्पा.”

सुमेधनं पिल्लू तळहातावर घेतलं, उजेडाकडे धरलं. डोळ्यांवर दुधाळ साय आली होती.

“कात टाकायची हाये याची. तोवर खात नसतेच. तुम्ही सारखा हात लावून राहिल्या, घाबरून घाबरून आटून राहिलं ते. ओलं फडकं टाका डब्यात, अंधारात ठेवा. चार दिवस झाकण उघडायचं नाही. पाहायचं नाही. तोलायचं तं नाहीच. पाचव्या दिवशी मी येतो, पालीची शेपटी देऊन पाहू.”

“अन् तवर पाचाच्या खाली गेलं तं?”

सुमेधनं पिल्लू थैलीत सोडलं. “तं मंग सांगता येत नाही, काकू.”

बाईंनी थैली डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. मग झाकणावरच हात ठेवून उभ्या राहिल्या.

“अंडी किती होती?” सुमेधनं विचारलं.

“अकरा. आमचे हे वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग पेटवून राहिले होते, बुडाशी अंडी दिसली, मी आडवी झाली. म्हटलं, धामण हाये, वावरातले उंदीर खाते, तिची अंडी कायले जाळता? मी काढतो पिल्लं.”

त्यांनी ‘काढतो’ म्हटलं की मोहगावात कोणी शंका घेत नसे. त्यांच्या अंडी उबवायच्या मशीनमध्ये साठ गावरान अंडी ठेवली की पंचावन्न पिल्लं चिवचिवत बाहेर. पेरणीचं पहिलं बी लोक त्यांच्या हातून घ्यायचे. बाईंनाही आपल्या हाताचं कौतुक होतं. थोडं जास्तच होतं.

“मशीनची ऊब जास्त होईल म्हणून बाहेरच ठेवली, चाळणीत, ओल्या भुशात,” त्या म्हणाल्या आणि पिशवीतून दुसरा, स्टीलचा डबा काढला. “तुम्ही म्हणाले होते ना, टरफलं आणजा.”

दहा अंडी अख्खी होती, खपाटीला गेलेली, पिवळी पडलेली. प्रत्येकावर एका बाजूला पेन्सिलीची फुली, दुसऱ्या बाजूला गोल.

“हे काय?”

“खुणा. सकाळी फुली वर, सांजच्याले गोल वर. पलटवली नाही तं पिल्लू आतल्या आत चिकटते ना! कोंबडीच्या अंड्याले करतो तसंच. एक दिवस चुकला नाही माझा.”

सुमेधनं अकरावं टरफल उचललं. ते चिरलेलं होतं, रिकामं. त्यानं ते फिरवून पाहिलं. मग पुन्हा फिरवून पाहिलं.

“याच्यावर खूण नाही.”

“ते चाळणीले चिकटून बसलं होतं. निघेचना. म्हटलं, हे काही कामाचं नाही, देल्लं सोडून.”

विनायकराव फडकं घेऊन काटा पुसायला लागले. काटा स्वच्छच होता.

“साप अंडी पलटवत नाही, काकू,” सुमेध हळूच म्हणाला. “ठेवली की ठेवली. पलटवलं की आतलं पिल्लू मरते.”

सुनंदाबाईंनी एक अंडं हातात घेतलं होतं. फुली वर होती. बोटं सवयीनं वळली, अर्ध्यात थांबली.

“साठ दिवस,” त्या म्हणाल्या. “दोन-दोन डाव.”

त्यांनी ते अंडं होतं तसं, फुली वर ठेवून, डब्यात ठेवलं.

मोहगावच्या गाडीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. पिल्लाचा डबा मांडीवर. रस्त्याला खड्डे होते, वळणं होती. प्रत्येक वळणावर बाई अख्ख्या कलल्या. डबा तेवढा दोन्ही हातांनी काठोकाठ भरल्यासारखा सरळ धरला. झाकणाच्या कडेपाशी अंगठा दोनदा गेला, दोनदा परत आला.

शेजारची बाई बऱ्याच वेळापासून पाहत होती.

“विरजण लावलं काय वो बाई?”

“हाव,” सुनंदाबाई म्हणाल्या. “धक्का नोका लावू.”