बारा ते दोनचा पहारा

बारा वाजायला दहा मिनिटं होती आणि बारा ते दोनच्या पहाऱ्याला माणूस नव्हता.

सप्ताहाची वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. टाकव्याच्या देवळात आत्ता ती खांबापलीकडे कैलासच्या गळ्यात होती, आणि बाराला त्याची कंपनीची बस. बाकी सगळे भातलावणीत. कोमल स्वतः उभी राहिली असती, पण पाय प्लास्टरमध्ये. खांबाअलीकडे मांडीवर लॅपटॉप घेऊन ती पहाऱ्याच्या नोंदी बघत बसली होती. यंदा नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म तिनंच केला होता.

नवी नोंद नव्हती. तिनं नाकारलेल्या नोंदी उघडल्या. सकाळपासून दर मिनिटाला एकच नोंद येत होती आणि परत जात होती. गेणू विठू, खालची वाडी, बारा ते दोन. पंचायतीच्या यादीत नसलेली वाडी फॉर्मनं घ्यायचीच नाही, हा नियम कोमलचाच. टवाळखोरांना आळा बसावा म्हणून घातलेला.

पंगतीची गवार निवडत बसलेल्या धोंडाबाईंना तिनं खालची वाडी कुठली ते विचारलं.

"आमची. धरणात गेली. का गं?"

कोणीतरी चेष्टा करतंय, असं म्हणत कोमलनं नाव वाचून दाखवलं. धोंडाबाईंचा हात गवारीवर थांबला.

"माजा बा त्यो. तिथल्या देवळात पानी शिरलं तवा वीणा त्येच्या गळ्यात व्हती. खाली ठेवली न्हाई त्यानं." मग लॅपटॉपकडे बोट करत म्हणाल्या, "आन् तुजा फारम त्येला दारातच आडवतोय व्हय?"

कोमलनं नियम काढून टाकला. पुढच्याच मिनिटाला नोंद आत आली.

बाराला खांबापलीकडून कैलासचा आवाज आला. या आबा, म्हणाला. वीणा देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं. तसा तो पडला असावा. हात पँटला पुसत तो बाहेर आला आणि चपला घालता घालता म्हणाला, "आबा लय लांबनं आल्यात वाटतं. पाय पार भिजल्यात त्यांचं."

अंगणात लख्ख ऊन होतं. आत वीणा वाजतच होती.

धोंडाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या खांबापलीकडे गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या, तेव्हा पदराचं टोक निथळत होतं. ते त्यांनी पिळलं नाही.