तिसरा नमुना

तोंडाला रुमाल बांधलेली आरोग्यसेविका स्नेहल बर्फाचा डबा घेऊन तिसऱ्यांदा अंगणात आली, तेव्हा शामकला झाडत होती.

"आजी उठल्या?"

शामकलानं ओठ न उघडता मान डोलावली.

आजी म्हणजे शामकलाची सासू, सुलोचनाबाई. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊनही खोकला हटत नव्हता. कोणतं औषध लागू पडेल, ते थुंकी तपासल्यावरच कळणार. तेव्हा ही तपासणी जवळपास कुठे होत नसे. थुंकी बर्फात ठेवून कोहमाऱ्याहून बसनं नागपूरला धाडावी लागे. लॅबनं दोनदा नमुना नाकारला होता. शेरा एकच: थुंकीत तंबाखू.

"माह्या मायले बदनाम करून राहिले लॅबवाले," शामकलाचा नवरा जागेश्वर तणतणला. "व्यसनमुक्ती मंडळाची अध्यक्ष आहे माय!"

शामकलाचा झाडू थांबला नाही. सासू रोज पहाटे न्हाणीत जाऊन दातांवर काय घासते, ते तिला लग्नापासून ठाऊक होतं. गुडाखू. गूळ-तंबाखूचा काळा लगदा, चपट्या डबीतला. पण अध्यक्षीणबाईंचं नाव सुनेनं कसं घ्यावं? म्हणून आज उठल्याबरोबर तिनं नुसती डबी उचलली होती.

घरात भांडी आदळली. मग सुलोचनाबाईच दारात आल्या.

"माह्या फडताळाले कोनं हात लावला?"

"काय हरवलं व माय?" जागेश्वरनं विचारलं.

"काही नाही!"

"मंग शोधून काय राहिली?"

"काही नाही म्हटलं ना!"

त्या ओरडण्यातच खोकल्याची उबळ आली. अशी खोलातून, की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. स्नेहलनं चपळाईनं कप पुढे केला.

"अस्संच, आजी! आणखी एकदा!"

कपात घट्ट, पिवळा बेडका पडला. काळा कण एक नाही. स्नेहलनं कप उजेडात धरून उपवर मुलगा पाहावा तसा चहूबाजूंनी निरखला, झाकण लावलं, बर्फात ठेवला. नऊची बस गाठायला जागेश्वरनं तिला गाडीवर बसवून नेलं.

अंगणात सासू-सून उरल्या. शामकलानं कमरेची डबी काढून न्हाणीच्या दगडावर ठेवली. सुलोचनाबाईंनी झाकण उघडलं. डबी अर्धी रिकामी.

"काल तं भरली होती."

शामकला खाली मान घालून झाडत राहिली. ओठ घट्ट मिटलेले, कोपऱ्यात काळी रेघ.

सुलोचनाबाईंना ती रेघ दिसली. मग त्यांनी डबी तिच्याकडे सरकवली.

"ठेव तुयाजवळ. पन खोकला लागला तं लपवू नोको."