एकशे चार बायका

“चूल किती वर्षं पेटवली, मावशी?” प्राजक्ताने विचारलं.

पंचफुलाबाईंनी चार बोटं वर केली, मग मूठ मिटून शून्य दाखवलं.

“चाळीस,” शेजारी बसलेले त्यांचे यजमान देवमनराव म्हणाले. “एवढी गप तर लग्नातही नव्हती हे.”

पंचफुलाबाईंनी डोळे वटारले. प्राजक्ता हसली. दुखत असेल तोंड, तिला वाटलं. तिने चाळीस लिहिलं.

अमरावतीच्या या रुग्णालयात कॅन्सरच्या नोंदी ठेवायचं काम ती एमएस्सी झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, करत होती. प्रत्येक रुग्णाचा एक फॉर्म : गाव, वय, गाठ कुठे, व्यसन कोणतं. त्या फॉर्मांतून तिला एक गोष्ट सापडली होती. तोंडाचा कॅन्सर झालेल्या एकशे बारा बायकांपैकी एकशे चार जणींना तंबाखूचं व्यसन नव्हतं. मग कशाने झाला? धुराने? फवारणीने? डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली होती. उद्या अकोल्याच्या परिषदेत ती हे मांडणार होती.

पंचफुलाबाई त्या एकशे चारांतल्याच. दोन वर्षांपूर्वी उजव्या गालाचं ऑपरेशन झालं होतं. आता डाव्या गालात गाठ होती.

“शेतात फवारणीच्या वेळी असता का?”

पंचफुलाबाईंनी हातानेच थांब म्हटलं. कोपऱ्यातल्या बेसिनशी गेल्या, थुंकल्या, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.

“हं, आता इचार पोरी. तंबाखू धरला का बोलता येत नाही मले.”

प्राजक्ताचं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म समोरच उघडा होता. व्यसन : नाही. अक्षर तिचंच होतं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने एका म्हातारीला हा प्रश्न विचारला होता. “आमी तशा दिसतो काय वो?” म्हातारी सगळ्यांसमोर कडाडली होती. त्यानंतर प्राजक्ता हे फक्त पुरुषांना विचारायची. बायकांच्या फॉर्मवर ‘नाही’ आधीच लिहून ठेवायची. आठ जणींनी आपणहून सांगितलं, म्हणून तेवढं खोडलं. बाकीच्या एकशे चार जणींचं ‘नाही’ मोजताना ते कोणी म्हटलं होतं, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

“कधीपासून खाता?” तिचा आवाज खाली गेला.

“पोरगी होती तवापासून. वावरात तण निंदाले बसलं का चिमूट लागतेच.”

“आणि ऑपरेशननंतर?”

“मंग काय! जखम भरली अन् धरला.”

व्यसनाच्या रकान्यात ‘आहे’ असलं की रुग्णाला वरच्या मजल्यावर पाठवत. तिथे तंबाखू सोडवायचे. ‘नाही’ असलं की पाठवत नसत. डॉक्टरही हाच फॉर्म वाचत.

“सोडा, असं कोणीच नाही सांगितलं तुम्हाला?”

“यायच्या गालात तवा पांढरा चट्टा निघाला होता,” पंचफुलाबाईंनी देवमनरावांकडे बोट केलं. “यायले वर नेलं. चार खेपा बोलावलं, डबी फेकाले लावली. मी खाली बाकावर बसून राहो.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “मले कोणी काईच म्हटलं नाही. मले वाटलं, बायायले चालत असन.”