कडुनिंबाची साक्ष

"बाबा, आज किल्ल्या मिळतीलच ना?" ईशान्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. जुनी खोली सकाळीच सोडली होती आणि सगळं सामान फाटकाशी टेम्पोत होतं.

पालिकेच्या मॅडमनी कडुनिंबाच्या खोडाला यंत्र टेकवलं. नव्या इमारतीपुढे झाडं हवीत हा नियम जुनाच होता, पण आता झाडांना विचारल्याशिवाय घरांचा ताबा मिळत नसे.

"काय रे, बरं वाटतंय का इथे?"

यंत्र खरखरलं. "पुन्हा हलवू नका. मुळं दुखतात."

"पुन्हा?" मॅडम बिल्डरच्या मॅनेजरकडे वळल्या. "भाड्याचं झाड आणलंत?"

"छे हो, यंत्र बिघडलंय!"

बाबांचा चेहरा उतरला. ईशान्या मात्र उसळून म्हणाली, "मॅडम, त्याला जायचंच नाहीये! मग राहू दे की इथेच!"

"अगं पोरी, संध्याकाळी ते दुसऱ्या साइटवर लागतंय!" मॅनेजर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मॅडमनी शांतपणे खोडाला पालिकेचा बिल्ला बांधला. "झाड आता इथलंच. रुजलो असं ते स्वतः म्हणालं, की किल्ल्या घेऊन जा."

"अहो, पण तोवर आम्ही राहायचं कुठे?" आईने विचारलं.

ईशान्या उत्तरासाठी थांबलीच नाही. टेम्पोतली बादली ओढून ती नळाकडे धावत सुटली.